बारा एमएम

उद्यमनगरात मी दिवसाला दोनशे भोकं पाडतो.
बारा एमएम, बिडाच्या हाऊसिंगला.
दोन शतांश इकडंतिकडं झालं की माल परत.
हात थरथरत नाही. कधीच नाही.

आणि काल शिकलगार म्हणाला,
"पिकअप कुठलाबी घे शांतवन,
जॅकसाठी बुडात भोक पाडायला लागतंय. बारा एमएम."
तर मी गिटार टेबलावरनं उचलून मांडीवर घेतली,
डॉक्टरनं सुईचं नाव काढल्यावर
पोराला घेतात तशी.

नाताळ सहा आठवड्यांवर.
चर्चमध्ये माईकचा स्टँड समोर ठेवतात
आणि मी वाजवताना हलतो म्हणे.
पेटीवाले दाभाडे म्हणाले,
"निम्मं गाणं आम्हाला ऐकू येतं,
निम्मं तू खांबाकडं घेऊन जातोस."

लक्ष्मीपुरीत, मिरचीच्या पोत्यांवरनं जिना चढून
शिकलगारचं दुकान. मिरजेचा माणूस,
बोलता बोलता शिंकतो, शिंकता शिंकता तार लावतो.
रद्दी पेपरवर त्यानं तीन पिकअप मांडले.

पहिला घोडीखाली बसतो. पिझो.
"दणकट. पण जोरात मारलास तर
पत्र्यावर हरभरे सांडल्यागत वाजंल.
आणि नऊ व्होल्टची बॅटरी. ती संपणार कधी,
तर फादर मागं बघतील तेव्हा."

दुसरा गिटारच्या तोंडावर आडवा. चुंबक.
"ह्याला फक्त लोखंड कळतं.
तार हलली की बोलणार.
लाकूड कुठलं, कुणी केलं, ह्याला काय त्याचं."
मला तो तिथल्या तिथं आवडला.
माझ्यासारखा वाटला.

तिसरा पोटाला आतनं चिकटवायचा,
कुंकवाच्या टिकलीएवढा.
"हा सगळं ऐकतो," शिकलगार म्हणाला,
आणि हे तो तक्रार केल्यासारखं म्हणाला.

तिन्ही लावून वाजवले. मी मान हलवली.
मला तिन्ही सारखेच.

कारखान्याच्या तपासणीत कानाचा आलेख काढलेला.
सुरुवातीला सरळ,
मग पंचगंगेच्या घाटासारखा
पायरी पायरीनं खाली,
पाण्यात.
तो कागद मी गिटारच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलाय.
तिथं मी नवीन तारा ठेवतो, तिथं सुवार्ता हात घालत नाही.

पण आज तिला घेऊन गेलो.
स्टुलावर बसली, पर्स मांडीवर,
बँकेत नंबर लागायची वाट बघावी तशी.
पहिला. "टोचतोय."
दुसरा. "चांगलाय. पण ही आपली गिटार वाटंना."
तिसरा.
तिसऱ्याला तिनं काहीच म्हटलं नाही.
शिकलगार शिंकला, ते स्पीकरमधनंही आलं.
मग ती हसायला लागली,
"तुमचं नाक वाजतंय की हो.
वाजवताना शीळ घालतं. एवढी वर्षं मला वाटायचं
आपल्या खिडकीची फट आहे."

पुढं विचारलं नाही तिनं, तुम्हाला कसं ऐकू आलं नाही.
जिना उतरताना मात्र
माझ्या डाव्या बाजूची उजव्या बाजूला आली.
म्हणजे केव्हापासून माहीत होतं, कुणास ठाऊक.

सोमवारी शॉप बंद. मी एकटाच गेलो.
ड्रिलला हात लावला नाही.
रीमर हातानं फिरवला, पाव पाव फेरा,
थांबून, फुंकर मारून.
लोखंडाचा कीस निघतो तो गरम, निळा, हात कापणारा.
हा पडला मांडीवर, पिठासारखा,
शाळेत पेन्सिलला टोक काढल्याचा वास.
व्हर्नियर लावला. अकरा दशांश नऊ.
तेवढ्यावर थांबलो. जॅक जरा दाबूनच बसला.

रविवारी तिसऱ्या कडव्याला स्पीकर हूंऽऽ करून ओरडला,
शिकलगारनं सांगितलं होतंच, आवाज वाढवलास की ओरडणार.
पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या दचकल्या.
मी तळवा गिटारच्या पोटावर ठेवला,
हुंकार हाताला लागला आधी,
मग शांत झाला.
सुवार्ता सोप्रानोंच्या रांगेत.
वही तोंडापुढं धरून
हसत होती, मला वाटतं, नाकाला.